शिंत्रे सरांचा सात फुटी रॉड

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. देवळाच्या दारात उभं राहून ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष चपलांकडे असतं, मला माहीत आहे. चपला कुठे जात नाहीत. या पुढे. हां, ताई, तुम्ही पण. आणि तो मोबाईल पिशवीत टाका, मी काही पळून चाललेली नाही.

कीर्तनाच्या पूर्वरंगात आपण सेवेबद्दल ऐकलं. सेवाभाव, निष्काम सेवा, शब्द मोठे, ऐकायला गोड. माना डोलल्या. तिकडे दोघांचे डोळेसुद्धा मिटले. भक्तीने मिटले की जेवणाने, ते मी विचारत नाही. मी दुसराच प्रश्न विचारते, साधा आहे, पण उत्तर लगेच देऊ नका. घरातल्या माणसासाठी म्हणून आपण एखादी वस्तू आणतो — ती कोणासाठी आणतो?

हसू नका काकू. तुमच्या वाढदिवसाला मिक्सर कोणासाठी आला ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

तर मंडळी, ऐका. आज राजा नाही, ऋषी नाही, वनवास नाही. आजचं आख्यान एका लोखंडाच्या दांड्याचं. व्यायामशाळेत असतो ना, आडवा रॉड, दोन्ही टोकांना जात्याच्या तळीएवढ्या प्लेटा, तो. बघा, पेटीवाले बुवा माझ्याकडे बघायला लागले. वाजवा हो तुम्ही, मी शुद्धीवर आहे.

गडहिंग्लजला बाजाराच्या मागच्या आळीत एक दुमजली घर. खाली शिंप्याचं दुकान, वर शिंत्रे सर आणि त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई. सर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. चहा उतू जायला लागला तरी त्याला 'सावधान' म्हणतील असा माणूस. स्वस्थ बसणं ठाऊक नाही. खुर्चीत बसले तरी पाय हलतोय, पाय थांबला की बोटं मोडतायत, बोटं संपली की उठून खिडकी उघडतायत, पुन्हा लावतायत. आहेत ना असे तुमच्यातही? आहेत. समोरच्याच रांगेत एकांचा गुडघा मघापासून तबल्याच्या आधी समेवर येतोय.

आणि रत्नमालाबाई? त्यांचं सगळं जमिनीवर. भाकरी थापायची ती खाली बसून, भाजी निवडायची ती मांडी घालून, देवपूजा पाटावर. ओट्याशी उभं राहून केलेला स्वयंपाक त्यांना स्वयंपाक वाटायचा नाही. म्हणायच्या, "उभ्यानं केलेली भाकरी उभ्यानंच खाल्ल्यासारखी लागते." असा सगळा संसार.

एक दिवस मोरीत पाय सरकला. पडल्या असंही नाही, बसल्या म्हणा. हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, यथावकाश निघालं. सगळे म्हणाले, चला, सुटलात. पण प्लास्टर निघाल्यावर एक दुसरीच गोष्ट बाईंच्या लक्षात आली. खाली बसलं की त्यांना उठता येईना. भिंत धर, कपाट धर, स्टूल ओढ, तेव्हा कुठे उभं राहायचं. मग हळूहळू त्यांनी बसणंच सोडलं. परात ओट्यावर गेली. देवासमोर प्लास्टिकची खुर्ची आली. हातातून चमचा पडला तर तो पायाने भिंतीकडे सरकवायचा आणि तिथेच ठेवायचा. कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? मला माझ्या घरात खाली बसता येत नाही, असं कोणाला सांगायचं? मंडळी, तुम्हाला ही बारीक गोष्ट वाटेल. ज्याला जमिनीवरून उठता येतं त्याला ती बारीकच वाटते.

सर बायकोवर माया करणारे. खोटं कशाला बोलू? त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नेसरीकर म्हणून बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, उठायला लावलं, बसायला लावलं, आणि म्हणाल्या, "हाडं विरळ होत चालली आहेत. मांडीत ताकद उरलेली नाही. आता पुढच्या वेळी मनगटावर निभावणार नाही, खुबा जाईल. आणि या वयात खुबा गेला की अंथरूण."

रत्नमालाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सरांचा पाय हलायचा थांबला.

डॉक्टर म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही. आपल्याला आता वजन उचलायला लागायचं. हलकंच. छोट्या खोलीत, घरच्या घरी होतं. एखादा साधा रॉड आणा."

थांबा. तबला थांबवा जरा. हा शब्द ऐकलात? 'आपल्याला.'

मराठीत यासारखा दुसरा शब्द नाही. 'आपल्याला' म्हणजे वडापची जीप. कोणीही चढतं, कोणीही उतरतं, आणि शेवटी आत कोण होतं ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आपल्याला गोड बंद करायचंय, आणि आपण बाहेर पडलो की ते पेढा खातात. पोराला म्हणतो, आपल्याला अभ्यास करायचाय, आणि आपण टीव्ही लावतो. सभेत पुढारी म्हणतो, आपल्याला गावासाठी झटायचंय. कोण झटतं? मी नावं घेत नाही, पुढेच दोन पदाधिकारी बसलेत.

डॉक्टर बोलल्या ते रत्नमालाबाईंकडे बघून. पण 'आपल्याला' शिरलं सरांच्या कानात आणि आत गेल्या गेल्या त्याचं 'मला' झालं. 'हलकंच' आणि 'साधा' हे दोन शब्द होते ना, ते दवाखान्याच्या दारातच राहिले.

आता सरांनी असं का ऐकलं? माणूस वाईट का? छे. तरुणपणी सर तालमीत जायचे. अंगाला माती लागलेली, दंड फुगलेले. मग शाळेची नोकरी लागली, लग्न झालं, तालीम सुटली. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना 'एक साथ' म्हणून व्यायाम करायला लावला आणि स्वतः शिट्टी फुंकली. आत कुठेतरी तो तालमीतला पोरगा तसाच बसून होता. त्याला कोणीतरी हाक मारायची तेवढी बाकी होती. ती डॉक्टरांनी मारली, असं त्याला वाटलं.

आणि मग सुरू झाली रॉडची निवड. काय सांगू तुम्हाला! मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी होत नाही. सकाळी उठलं की मोबाईल. व्हिडिओ. कुठला रॉड लांब, कुठला आखूड. कुठला जाड, कुठला बारीक. कशावर चकचकीत मुलामा, कशावर काळा. हात धरायच्या जागी खरखरीत जाळी कोरलेली असते, ती बारीक बरी की भरड बरी. टोकाच्या नळ्या फिरतात का, आत बेअरिंग आहे की नुसती पितळी चकती. आज एक ठरला, उद्या मोडला. जेवताना घास हातात तसाच.

"रत्ना, नळ्या फिरल्याच पाहिजेत बघ. नाहीतर मनगटावर ताण येतो."

"व्हय का," बाई म्हणाल्या.

कोणाच्या मनगटावर? मंडळी, त्या घरात मोडलेलं मनगट एकच होतं. आणि ते त्या वेळी सरांना आमटी वाढत होतं.

बाईंनी एकदा मोबाईलमध्ये डोकावून बघितलं. म्हणाल्या, "अहो, हा छोटा बरा दिसतोय."

"अगं, तो पोराटोरांचा. घ्यायचा तर खरा घ्यायचा. सात फुटी. स्पर्धेत असतो तो. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू ही."

"पण खोली…"

"खोलीचं मी बघतो की."

खोलीचं त्यांनी बघितलं. मागची खोली. तिच्यात धान्याचे डबे, जुनी खाट, शिलाई मशीन, बाई कपडे बदलताना धरायच्या ते लाकडी कपाट, आणि एक स्टूल. सरांनी टेप आणला. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बाईंच्या. "धर गं घट्ट. हलू नको. अगं, वर नाही, खाली, जमिनीला टेकव." बाई वाकल्या, पण जमिनीपर्यंत पोचल्या नाहीत. "असू दे," सर म्हणाले आणि तेवढं अंतर अंदाजाने धरलं. ते अंतर का राहिलं हे त्यांनी विचारलं नाही.

हिशोब निघाला तो असा: रॉड खोलीत मावतो, पण बाजूने प्लेटा चढवायला जागा उरत नाही. झालं, माणूस दोन दिवस येरझाऱ्या घालत होता. मग सुचलं. खिडकी उघडायची. रॉडचं एक टोक खिडकीतून बाहेर काढायचं, तिथून प्लेट चढवायची. समोर हावळकाकूंची गॅलरी. काकू साडी वाळत घालतायत आणि समोरच्या खिडकीतून एक बांबू बाहेर येतोय! सर बांबूने तालीम करून बघत होते. काकूंनी विचारलं, "सर, माकडं आलीत काय?"

हसा. हसून घ्या आत्ताच. कारण या सगळ्यात किती दिवस गेले माहीत आहे? आणि त्या दिवसांत बाईंनी काय उचललं? काही नाही. एक चमचा होता भिंतीशी, मग तिथे एक काडेपेटी आली, मग एक बटाटा. सर टेप घेऊन त्यांच्यावरून पाय टाकून जात होते. डॉक्टरांनी सांगितलेली ताकद यायची राहिली बाजूला, आहे ती रोज थोडी थोडी चालली होती. हे त्या बाईला कळत होतं. खाटेवरून उठताना कळत होतं. आणि ती गप्प होती, कारण नवरा तिच्यासाठी एवढी धावपळ करतोय, त्याला कसं म्हणायचं की तुम्ही माझ्यासाठी करत नाही आहात? म्हणवतं का? कोणा बाईला विचारा इथे.

शेवटी रॉड आला. सात फुटी. जिन्याला वळण आहे, तिथे तो अडकला. पुढे नाही, मागे नाही. मग रस्त्यावरून दोरीने गॅलरीत ओढला. खाली शिंप्याचं दुकान रिकामं झालं, सगळे दोरीला. सर वरून शिट्टी वाजवतायत. आळीभर एकच गोंधळ. आणि खोलीत जागा करायला धान्याचे डबे बाहेर गेले, खाट बाहेर गेली, मशीन, कपाट, स्टूल — सगळं बाहेर.

त्याच आठवड्यात आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, अवजारं पुजतात. शिंपी मशीनला हार घालतो, रिक्षावाला रिक्षा धुतो. सरांनी ठरवलं, रॉड पुजायचा. प्लेटा चढवल्या, खाली लाल कापड अंथरलं, झेंडूची फुलं आणली. आणि बायकोला हाक मारली, "रत्ना, हळदकुंकू तू लाव. घरच्या लक्ष्मीचा हात लागू दे."

बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी खुर्ची आणते. खुर्चीवरनं लावते."

"अगं, शस्त्राची पूजा खुर्चीवरनं? जरा बस की खाली. मी आहे."

'मी आहे.' किती सहज म्हणतो आपण.

बाई बसल्या. दारच्या चौकटीला धरून, सावकाश, पण बसल्या. हळद लावली, कुंकू लावलं, प्रत्येक प्लेटेवर एक फूल ठेवलं. मन लावून केलं. सरांना भरून आलं. खरंच भरून आलं हो. म्हणाले, "थांब, व्हिडिओ काढतो," आणि मोबाईल धरून मागे मागे जात दाराबाहेर गेले. तिथून म्हणाले, "हां, उठ आता. आरती करूया."

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. त्या जिला धरून उठायच्या ती प्रत्येक वस्तू बाहेर गेली होती. कपाट नाही, खाट नाही, स्टूल नाही. भिंत लांब. पूजेसाठी सरकता सरकता दाराची चौकटही हाताला येणार नाही इतकी मागे राहिली होती. तिच्यासाठी म्हणून जी वस्तू आणली तिला जागा करायला तिचा सगळा आधार खोलीबाहेर काढला होता. खोलीत फक्त तो रॉड.

तिने दोन्ही तळवे रॉडवर टेकले. भार दिला. अर्धी उठली.

गोल प्लेटा. गुळगुळीत फरशी. रॉड निघाला की सरळ भिंतीकडे.

बाई कुशीवर पडल्या. फुलं सगळीकडे. सरांच्या हातातून मोबाईल सुटला. ते धावले, काखेत हात घालायला वाकले, तर बाई एवढंच म्हणाल्या, "उचलू नका. मला जरा इथंच राहू द्या." त्या माणसाला समजेना हातांचं काय करायचं. त्याने फुलं गोळा करायला सुरुवात केली. एक एक फूल उचलून लाल कापडावर ठेवत होता. घाबरलेला माणूस असंच काहीतरी करतो.

दवाखाना. एक्स-रे. बाहेरच्या बाकावर सर. उठतायत, बसतायत, पाण्याच्या नळाशी जातायत, न पिता परत येतायत. अंथरूण, हा एकच शब्द डोक्यात. जन्मभर आपल्याला वाढणारी बाई आता उताणी पडून छताकडे बघणार, आणि ते आपण केलं.

देवाची कृपा म्हणा, खुबा शाबूत होता. नुसता मार लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम सुरू केला होता का?"

सर उठून उभे राहिले, वर्गात राहावं तसे. "हो तर. रॉड आणलाय. सात फुटी. मी रोज सकाळी…"

"तुम्ही?"

"म्हणजे… तुम्ही म्हणालात ना, आपल्याला वजन उचलायचंय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, मी त्यांच्याकडे बघून बोलत होते."

 मग तपासणीच्या खाटेवरून, इतके दिवस गप्प राहिलेली ती बाई बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "अहो, मला रॉड नको होता. मला उठायचं होतं."

सर रडले. सांगते तुम्हाला, तो शिट्टीवाला माणूस परक्या बाईसमोर ढसाढसा रडला. आणि रडून झाल्यावर — बघा हं, स्वभाव कसा जात नाही — लगेच म्हणाला, "सांगा मी काय करू. मी तिला कुठं खाली बसूच देत नाही. मी धरतो, मी उचलतो, पाण्याचा तांब्यासुद्धा…"

"तेच करायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक वेळी तुम्ही उचललंत तर यांच्या मांडीने काय काम करायचं? व्यायाम यांचा. तुम्ही शेजारी उभं राहायचं. यांनी मागितल्याशिवाय हात लावायचा नाही."

"एवढंच?"

"करून बघा."

मार बरा झाल्यावर दोघं पुन्हा दुकानात गेले. दुकानदार सरांना ओळखत होता, एवढे खेटे घातले होते त्यांनी. तो पुढे आला. "या सर. काय दाखवू तुम्हाला?" सरांचं तोंड उघडलं. जाळी, बेअरिंग, मुलामा, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. म्हणाले, "त्यांना विचारा."

सरांच्या व्यायामातली ही पहिली बैठक झाली बरं का.

बाईंनी मोबाईल बघितला नव्हता, व्हिडिओ बघितला नव्हता. त्यांनी एकेक रॉड मुठीत धरून बघितला. जाड होता त्याच्याभोवती मोडलेल्या हाताचा अंगठा पोचेना, तो ठेवला. भरड जाळीचा तळव्याला टोचला, तो ठेवला. मग भिंतीशी एक होता, चार फुटी, बारीक, कोणी ढुंकून न बघणारा. तो धरला. दोन्ही हातांनी मांडीपर्यंत घेतला, तसाच धरून एकदा डावीकडे वळल्या, एकदा उजवीकडे. कशाला लागला नाही.

"हा," त्या म्हणाल्या.

दुकानदार म्हणाला, "मावशी, अगदीच हलका आहे हो तो. थोड्या दिवसांत कमी पडेल."

"मी पण हलकीच झालेय सध्या. कमी पडला की येते."

सर रॅकच्या मागे जाऊन उभे राहिले होते. म्हणजे बोलायला नको.

त्या सात फुटीचं काय झालं विचाराल. दुकानदाराने परत घेतला नाही, त्याच्या जाळीत कुंकू बसलं होतं. आणि पुजलेली वस्तू विकायची नाही, असं बाईंनी सांगितलं. मग पुन्हा दोरी, पुन्हा शिंपी, आणि रॉड गेला सरांच्या जुन्या तालमीत. सरांनी तिथे तो दोनदा उचलला म्हणे. उचलू दे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

इकडे खोलीत कपाट परत आलं, स्टूल परत आलं. आधी खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मग स्टुलावरून. मग तो हलका रॉड हातात घेऊन. मग विटांवर ठेवलेल्या पाटावरून, मग नुसत्या पाटावरून. सरळ रेषेत झालं असं समजू नका. काही दिवस गुडघा दुखायचा, काही दिवस नुसती भीती वाटायची, तर काही दिवस दिवाळीचा फराळ असायचा.

आणि सर? त्यांचा व्यायाम तुम्हाला सांगते. शेजारी उभं राहायचं. मंडळी, स्वस्थ. तो माणूस, ज्याला चहा उकळेपर्यंत थांबवत नाही! आधी येरझाऱ्या घालायला लागले, तर बाई म्हणाल्या, "फिरू नका. तुमच्याकडं बघून माझा तोल जातोय." थांबले. हात मागे बांधले, तर बाई जरा डगमगल्या की हात आपोआप पुढे. खिशात घातले, खिशातून बाहेर. "हात घ्या मागं," बाई दरडावायच्या. "अजून मागितला नाही मी." त्या माणसाला घाम यायचा. उचलणारीला नव्हता येत एवढा घाम नुसत्या बघणाऱ्याला यायचा. शेवटी त्यांनी दोन्ही हात स्वतःच्याच कमरेवर ठेवले आणि घट्ट धरले.

आणि एक दिवस बाई म्हणाल्या, "आज पाट काढा."

फरशीवर बसल्या. मांडी घातली. किती महिन्यांनी असेल, जमिनीवर हात फिरवला. मग मांडी मोडली, एक गुडघा उभा केला, त्या गुडघ्यावर तळवा ठेवला. कपाट जवळ होतं, धरलं नाही. भार दिला. अंग उठलं, अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. मांडी थरथरायला लागली. खाली जाता येईना, वर जाता येईना. तेच अर्धं अंतर हो, जिथून त्या दिवशी रॉड निसटला होता.

सरांची बोटं कमरेत रुतली.  कसाबसा आवाज काढला, "रत्ना… हात देऊ?"

तिला बोलायला श्वास नव्हता. तिने मान हलवली. नको.

आणि तो माणूस थांबला. मंडळी, त्याला वाटलं असेल, आता पडली, आता गेली. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर ती सुरक्षित होती. पण मग ती जन्मभर त्याच एका पावलाची वाट बघत बसली असती. थांबला तो. डोळे भरले, गालावरून पाणी खाली आलं, ते पुसायलासुद्धा कमरेवरचा हात काढला नाही.

ती उठली. हळूच, कुरकुरत, पण आपली आपण उभी राहिली. पदर नीट केला. भिंतीशी गेली, वाकली, तो चमचा उचलला, धुवायला टाकला. म्हणाली, "परात खाली घ्या. आज भाकऱ्या बसून करते."

मंडळी, आता माझ्याकडे नको, गाभाऱ्यात बघा. बघा तो पांडुरंग. हात कुठे आहेत त्याचे? लहानपणापासून बघतोय आपण, कमरेवर. आपण पडतो, अडखळतो, अर्ध्यात लटकतो, आणि त्याच्यावर ओरडतो, देवा, तुझे हात कुठे गेले? समोर तर आहेत. धरून ठेवलेत त्याने. ज्याला सगळं जग उचलता येतं तो लेकराला उठू द्यायला हात कमरेवर ठेवून उभा राहतो, तेव्हा त्याला किती जड जात असेल, याचा विचार केलात कधी? मला तर त्याच्या कोपरांकडे बघवत नाही.

आता आरती. म्हणजे सगळ्यांना उठायचंय. शेजारी कोणाची आई आहे, कोणाची सासू, कोणाचे वडील. लगेच काखेत हात घालून ओढू नका, पोतं आहे का ते? विचारा, हात देऊ का? आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर हो आलं तर मनापासून द्या. नको आलं तर कमरेवर हात ठेवा आणि उभे राहा. लाजू नका, समोरचाही तसाच उभा आहे.

बुवा, पेटी नको अजून. त्या मागच्या आजींना आधी उठू दे. सावकाश, आजी. कोणी धरू नका त्यांना, त्यांनी मागितलेलं नाही. मी थांबते.